गुडघ्याचा नवा बंध आणि मांडीचे बळ



या व्याख्यानमालेत आजवर इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान अशा थोर विषयांवर थोर माणसे बोलून गेली आहेत. त्या मानाने माझा विषय फारच खाली उतरलेला आहे; तो गुडघ्यापर्यंत आला आहे. पण समोर बसलेल्यांपैकी निम्म्या मंडळींचा हात मघापासून अधूनमधून गुडघ्याकडे जातो आहे, हे मी व्यासपीठावरून पाहतो आहे, त्यामुळे विषय अगदीच परका वाटणार नाही अशी मला आशा आहे.

मी सांगणार आहे ते मात्र म्हातारपणी झिजणाऱ्या गुडघ्याविषयी नव्हे. तरुण माणसाच्या गुडघ्यातला एक बंध तुटतो, शस्त्रक्रियेने तेथे नवा बंध बसविला जातो, आणि त्यानंतर त्या पायाची ताकद परत येण्यास एवढा काळ का लागतो, हा आजचा प्रश्न आहे. बोली भाषेत ‘लिगामेंट गेले’ असे ज्याला म्हणतात, तेच हे दुखणे.

प्रथम माझीच एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांमागची गोष्ट आहे. बावीस-तेवीस वर्षांचा एक कबड्डीपटू माझ्याकडे आला. चढाईहून मागे वळताना पाऊल मातीत रुतून राहिले, अंग मात्र फिरले. आत काहीतरी ‘कट्’ झाल्याचे त्याला स्वतःला ऐकू आले, आणि संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला. यथाकाल शस्त्रक्रिया झाली. सहा महिन्यांनी तो पुन्हा दाखवावयास आला. चाल सरळ, दुखणे नाही, सूज नाही. नडगी हाताने पुढे ओढून पाहिली तर बंध घट्ट. मी म्हणालो, “जा, खेळ आता.” सात आठवड्यांनी तोच मुलगा तोच गुडघा घेऊन दारात उभा होता. बरोबर त्याचे वडील होते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “डॉक्टरसाहेब, बरा झालाय असं तुम्हीच सांगितलं होतंत ना?”

त्या दिवशी मी बंध तपासला होता, मांडी तपासली नव्हती. आजचे व्याख्यान म्हणजे त्या वडिलांना तेव्हा देता न आलेले उत्तर आहे असे समजा.

गुडघ्याची रचना थोडक्यात पाहू. मांडीचे हाड वर, नडगीचे हाड खाली, पुढे वाटी. खुब्याच्या सांध्यात जशी खोल खोबणीत गोल गाठ बसलेली असते, तशी सोय येथे नाही. खालचे हाड माथ्यावर जवळजवळ सपाट, वरचे गोलाकार; म्हणजे पाटावर दोन चेंडू ठेवावेत असा हा प्रकार. तो सांधा जागच्या जागी राहतो तो मुख्यतः बंधांमुळे आणि स्नायूंमुळे. सांध्याच्या अगदी मध्यभागी दोन बंध एकमेकांना कैचीच्या पात्यांसारखे छेदून जातात. त्यांतला पुढचा, ज्याला आपण सोयीसाठी पुढचा कैचीबंध म्हणू, तो जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर लांब असतो. नडगी पुढे सरकू न देणे आणि पाय रोवलेला असताना गुडघ्याला अवाजवी पीळ पडू न देणे, ही त्याची दोन कामे. धावताना एकदम दिशा बदलणे, उडी मारून एका पायावर उतरणे, अशा वेळी तो तुटतो. आणि पुष्कळदा समोरच्या गड्याचा स्पर्शही झालेला नसतो.

तुटलेला हा बंध सहसा आपल्या आपण नीट जुळत नाही. म्हणून तो शिवण्याचे प्रयत्न फार पूर्वी सुरू झाले. इंग्लंडातील लीड्स येथे मेयो रॉबसन या शल्यविशारदाने १८९५ साली एका खाणकामगाराचे दोन्ही कैचीबंध शिवले. पुढे ब्रिस्टलच्या हे ग्रोव्हज यांनी १९१७ मध्ये वेगळी वाट धरली: शिवण्याऐवजी मांडीच्या बाहेरच्या अंगाची पट्टी घेऊन तिचाच नवा बंध केला. आज प्रचारात असलेली पद्धत तत्त्वतः हीच आहे, फक्त आता दुर्बिणीतून लहान छिद्रांवाटे काम होते. नवा बंध बहुधा रोग्याच्याच अंगातून घेतात. एक तर वाटीखालच्या कंडरेची मधली सुमारे एक सेंटिमीटर रुंद पट्टी, दोन्ही टोकांच्या हाडांच्या तुकड्यांसह. नाही तर मांडीच्या मागून आतल्या अंगाने उतरणाऱ्या दोन लांब कंडरा.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बंध नवा आला तरी तो कोठून तरी आणलेला असतो, आणि जेथून आणला तेथे उणीव राहते. पुढची पट्टी काढली तर मांडीच्या पुढच्या स्नायूला आणि गुडघे टेकून बसण्याला त्रास. मागच्या कंडरा काढल्या तर गुडघा जोराने मिटण्याची शक्ती उणी. आपल्याकडे पूजेला, नमाजाला, शेतात खुरपणीला माणूस गुडघ्यावर येतो. खुर्चीवर जन्म काढणाऱ्यांच्या देशात हा मुद्दा जितका किरकोळ वाटेल तितका तो येथे नाही. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याने हे डॉक्टरांना विचारावे आणि डॉक्टरांनी चिडू नये.

आता मांडीकडे वळू. मांडीच्या पुढच्या भागात चार स्नायू आहेत. चौघे मिळून वाटीला आणि वाटीमार्फत नडगीला खेचतात व पाय सरळ करतात. जिना चढताना हेच उचलतात, आणि याहून महत्त्वाचे म्हणजे जिना उतरताना, उडीवरून खाली येताना हेच ब्रेक लावतात. हा ब्रेक कच्चा असेल तर आघात बंधावर, गादीवर आणि कूर्चेवर जातो. मांडीमागचे स्नायू नडगीला मागे धरून ठेवतात, म्हणजे ते कैचीबंधाचे सख्खे भाऊच. या दोन्ही गटांत बल असले तरच नवा बंध टिकावयाचा.

पण शस्त्रक्रियेनंतर नेमकी पुढची मांडी सुकते. ‘पाय वापरला नाही म्हणून सुकला’ असे आपण सहज म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे फार चमत्कारिक आहे. डी-आन्ड्राडे, ग्रँट आणि डिक्सन या तिघा वैद्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गुडघ्याच्या पोकळीत मुद्दाम द्रव भरला. द्रव भरताच मांडीच्या पुढच्या स्नायूचे आकुंचन मंदावले! पुढे १९८४ मध्ये आणखी मोजमापे झाली, तेव्हा असे दिसले की अवघे वीस-तीस मिलिलिटर पाणी, म्हणजे चहाचे चार-सहा चमचे, मांडीच्या आतल्या बाजूच्या स्नायूला दबविण्यास पुरतात. बाकीच्यांना त्याच्या दुपटीच्या आसपास लागते.

याचा अर्थ असा की स्नायू जागेवर असतो, रोग्याची इच्छाही असते, पण सांध्यातून मज्जारज्जूकडे जाणारे संदेश तेथेच वाट अडवतात. घरात पाणी तुंबले म्हणजे वीजमंडळाचा माणूस जसा आधी मुख्य बटण खाली ओढतो, तसा हा प्रकार आहे. अशा वेळी रोग्याला ‘जोर लाव, आळस करू नकोस’ म्हणून दटावणे हा शुद्ध अन्याय होय. तो जोर लावीतच असतो. आणखी एक नवल म्हणजे हा अडथळा कित्येकदा दुसऱ्या, धडधाकट पायातही थोड्या प्रमाणात आढळतो. त्याचे महत्त्व पुढे येईल.

यावरून पहिल्या पंधरवड्याचे काम आपोआप ठरते. सूज उतरविणे, गुडघा पूर्ण सरळ करणे आणि मांडीला पुन्हा जागे करणे. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवावा, आणि मांडी आवळून तो खाली दाबावा. एवढा क्षुल्लक दिसणारा व्यायाम, पण शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी तो करताना धिप्पाड गड्यांच्या कपाळावर घाम आलेला मी पाहिला आहे. पाय सरळ ठेवून वर उचलताना गुडघा किंचितही वाकत नाही, अशी स्थिती आली की पहिली पायरी चढलो. स्नायू जागा होत नसेल तर विजेच्या झटक्यांचे साहाय्य घेतात. मात्र १९९५ साली अमेरिकेत झालेल्या एका तुलनेत दिसून आले ते असे की, हा उपाय गुणकारी ठरतो तो झटके चांगले जोरदार असतील तेव्हाच. घरी बांधून बसण्याच्या सौम्य यंत्राने तसा लाभ झाला नाही. मुंग्या येतात म्हणजे गुण येतो, असे नव्हे.

आमच्या व्यवसायातल्या मागल्या पिढीने या पंधरवड्यात काय केले? पाय प्लास्टरमध्ये घातला, आणि तोही सहा-सहा आठवडे. हेतू चांगला होता. बंध जुळे, पण गुडघा लाकडासारखा होई आणि मांडी मनगटाएवढी. शेल्बोर्न व निट्झ यांनी १९९० साली लवकर हालचालीचा पुरस्कार केला, तो काहीसा रोग्यांच्या उपदेशाने! सांगितलेले न ऐकता ज्यांनी आधीच पाय वापरावयास सुरुवात केली होती, त्यांचे गुडघे आज्ञाधारकांपेक्षा चांगले निघाले, हे त्यांच्या नजरेस आले होते. बेशिस्तीने वैद्यकाला धडा शिकविल्याचे हे उदाहरण मला फार आवडते. अर्थात माझ्या रोग्यांना मी ते सहसा सांगत नाही.

यानंतरचा टप्पा फसवा असतो. दीड महिन्यात सूज ओसरते, चाल सुधारते, दुखणे जाते. रोग्याला वाटते, झाले काम. आत काय चाललेले असते? शरीरातून कापून आणलेल्या त्या कंडरेचा मूळ रक्तपुरवठा तुटलेला असतो. तिच्यातल्या पेशी मरतात, मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात, तंतूंची फेरमांडणी होते. ही उलथापालथ वर्षभर आणि त्याहूनही अधिक काळ चालते. म्हणजे बसविल्या दिवशी बंध पुष्कळ मजबूत असतो, आणि पुढे काही काळ तो उलट कमकुवत होत जातो. प्राण्यांवरील प्रयोगांत हा दुबळेपणा साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात सर्वांत अधिक आढळला. रोग्याला सर्वांत बरे वाटू लागते तो काळ आणि बंध सर्वांत नाजूक असतो तो काळ हे असे जवळपास एकच येतात. निसर्गाने येथे थोडी गैरसोयच केली आहे.

मग व्यायाम करावा की करू नये? यावर तज्ज्ञांत वर्षानुवर्षे वाद झाला. खुर्चीवर बसून पाय सरळ करण्याने नडगी पुढे ओढली जाते, म्हणून तो व्यायाम वर्ज्य. पाऊल जमिनीवर टेकलेले असताना केलेल्या बैठका मात्र निर्धोक, असा एक पक्ष होता. व्हरमाँट विद्यापीठातील बेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाद घालीत बसण्याऐवजी मोजूनच पाहिले: जागेपणी, केवळ जागा बधिर करून, स्वयंसेवकांच्या शाबूत कैचीबंधावर तणाव मोजणारे लहानसे उपकरण बसविले आणि त्यांना निरनिराळे व्यायाम करावयास लावले. बैठकेत आणि पाय सरळ करण्यात बंधावर पडणारा ताण जवळजवळ सारखाच निघाला. म्हणून आज दोन्ही प्रकार करवितात. फक्त पाय सरळ करताना शेवटचा टप्पा, जेथे बंधावर ताण अधिक असतो, तो आरंभी टाळतात आणि आठवड्यागणिक मोकळा करीत नेतात. मागच्या कंडरा काढलेल्या असतील तर गुडघा मिटण्याच्या व्यायामात वजन घालण्याची घाई करीत नाहीत.

तालमीत घडलेल्या मंडळींना येथे वाटेल की हे सर्व आमच्या जोर-बैठकांतच आहे. काहीसे आहेच. पण पूर्ण खाली बसून उठण्याची तालमीतली बैठक पहिल्या तीन महिन्यांची नव्हे. आणि दोन्ही पायांवर मारलेल्या शंभर बैठकांत एक लबाडी दडलेली असते: चांगला पाय निमूटपणे दुसऱ्याचे ओझे वाहतो. घरातल्या कर्त्या माणसासारखा तो तक्रार करीत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. यासाठी एका पायाचा व्यायाम स्वतंत्र हवा.

किती वजन घ्यावे, याचे उत्तर एका लष्करी रुग्णालयातून आले. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या गार्डिनर रुग्णालयात गुडघे दुखावलेल्या सैनिकांची रीघ लागली होती. त्या काळची रीत म्हणजे हलके वजन आणि पुष्कळ आवर्तने. माणसे महिनोन्महिने खाटा अडवून पडत. थॉमस डीलॉर्म हे तेथले तरुण डॉक्टर. लहानपणीच्या सांधेतापानंतर वजने उचलून त्यांनी स्वतःचे शरीर सावरले होते. त्यांनी बुटाला लोखंडी पट्टी बांधून तिच्यावर वजने चढविली आणि सैनिकांना भारी वजन थोड्या वेळा उचलावयास लावले. त्यांचा लेख १९४५ साली प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी वॉटकिन्स यांच्यासह पद्धत सुटसुटीत केली: जे वजन दहाच वेळा उचलता येते ते शोधावे, प्रथम त्याच्या निम्म्याने दहा वेळा, मग पाऊणपटीने, मग पूर्ण वजनाने, आणि ताकद वाढेल तसे वजन वाढवावे. आज यंत्रे बदलली, आकडे थोडे इकडेतिकडे झाले, तत्त्व तेच राहिले. स्नायूला वाढावयास कारण द्यावे लागते. रोज तेच दोन किलो वजन वर्षभर उचलणारा रोगी प्रामाणिक असतो, पण त्याची मांडी दोन किलोंपुरतीच राहते.

पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती स्नायू जाड झाल्याने नव्हे, तर मज्जासंस्था त्यातले अधिक तंतू कामास लावू लागते म्हणून. तंतू प्रत्यक्ष जाड होण्यास त्यानंतर महिने लागतात, आणि त्यासाठी व्यायामाइतकेच अन्नही लागते. डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे, ज्याला चालत असेल त्याला मासे. नुसत्या तेलाच्या मालिशीने मांडी भरत नाही. मालीश करणाऱ्याची भरत असेल.

आता मोजमाप. टेपने मांडीचा घेर मोजण्याची पद्धत सोपी, पण चरबी आणि कातडी यांना टेप ओळखीत नाही. खरे मोजमाप म्हणजे जोर मोजणे. मोठ्या शहरांत यासाठी यंत्रे आहेत. त्यांत पाय ठराविक वेगानेच फिरतो आणि प्रत्येक अंशाला किती जोर लागला ते उमटते. शस्त्रक्रियेच्या पायाचा जोर दुसऱ्या पायाच्या निदान नव्वद टक्के व्हावा, असा संकेत आहे. सहा महिन्यांच्या सुमारास पुष्कळ रोगी वीस टक्क्यांहून अधिक मागे असतात. माझा तो कबड्डीपटूही बहुधा असाच असावा. आणि या नव्वद टक्क्यांतही एक मेख आहे. या काळात न खेळल्यामुळे चांगला पायही उतरलेला असतो. ज्याच्याशी तुलना करावयाची तोच खाली आला, तर नव्वद टक्के गाठणे सोपे होते. म्हणून चांगल्या पायाचा जोर शस्त्रक्रियेपूर्वीच मोजून लिहून ठेवावा.

शस्त्रक्रियेपूर्वीचा काळ आणखीही एका कारणाने मोलाचा आहे. नॉर्वेतील संशोधकांनी २००९ साली दाखविले की शस्त्रक्रियेला जाताना ज्यांची मांडी वीस टक्क्यांहून अधिक कमजोर होती, ते दोन वर्षांनंतरही मागेच राहिले. म्हणून तारीख मिळेपर्यंत खाटेवर पडून राहू नये. स्वीडनमध्ये तर १२१ तरुणांवर अशी तुलना झाली की निम्म्यांवर लवकर शस्त्रक्रिया, आणि बाकीच्यांना प्रथम व्यायाम, गरज पडली तरच शस्त्रक्रिया. २०१० साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारखेच होते, आणि दुसऱ्या गटातील ५९ पैकी २३ जणांनाच शस्त्रक्रिया लागली. पाच वर्षांनी हा आकडा ३० झाला. प्रत्येकाने शस्त्रक्रिया टाळावी असा याचा अर्थ नव्हे. ज्याचा गुडघा चालता चालता निसटतो, ज्याची गादीही फाटली आहे, त्याचा विचार निराळा. पण व्यायाम ही शस्त्रक्रियेची शेपटी नव्हे, एवढे यावरून दिसावे.

खेळावर परतण्याविषयी सर्वांत बोलके आकडे नॉर्वे आणि अमेरिका यांच्या संयुक्त अभ्यासात, २०१६ साली मिळाले. १०६ रोग्यांवर दोन वर्षे लक्ष ठेवले होते. नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके महिने पुढे ढकलले, तितक्या प्रत्येक महिन्यागणिक गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. आणि ताकदीच्या व उड्यांच्या कसोट्या न उतरता जे खेळावर गेले त्यांच्यापैकी ३८ टक्क्यांचे गुडघे पुन्हा दुखावले. उतरलेल्यांपैकी सहा टक्क्यांहूनही कमी जणांचे. हे वाचले तेव्हा मला सात आठवड्यांचा तो हिशेब पुन्हा आठवला.

एका पायावर लांब उडीची कसोटी गावातही घेता येते, पण तिच्यावर एकटीवर विसंबू नये. उडीत कंबर आणि घोटा मिळून गुडघ्याची उणीव झाकून टाकतात. अंतर बरोबर भरते आणि मांडी तशीच कच्ची राहते. किती लांब उडाला यापेक्षा कसा उतरला ते पाहावे. खाली येताना गुडघा आत झुकतो का, पाय ताठ ठेवून धप्पकन उतरतो का, दुसऱ्या पायाचा आधार शोधतो का. खुर्चीवरून एकाच पायावर उठून, सावकाश त्याच पायावर बसता येणे ही त्याहूनही साधी परीक्षा. येथेही बसताना शेवटच्या वितीत अंग सोडून देणारा नापास समजावा, कारण ब्रेक तेथेच संपलेला असतो.

वर्तमानपत्रातून आपल्याला कथेची दोनच टोके दिसतात. विनेश फोगाट यांचा गुडघा २०१६ मध्ये रिओच्या कुस्तीत दुखावला. २०१८ साली जकार्ताला त्यांनी आशियाई सुवर्णपदक मिळविले. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये सरावात डावा गुडघा गेला, मुंबईत शस्त्रक्रिया झाली, आणि वर्षभराच्या आत, ६ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला त्यांनी जपानच्या युई सुसाकी यांना हरविले, ज्या तोवर आंतरराष्ट्रीय कुस्तीत अजिंक्य होत्या. हे वाचून आपल्या गल्लीतला मुलगाही वर्ष मोजू लागतो. पण अशा खेळाडूच्या दिमतीला व्यायामतज्ज्ञ असतात आणि सबंध दिवस त्याच एका कामासाठी मोकळा असतो. आपला मुलगा सकाळी कारखान्यात आठ तास उभा असतो.

आणि येथेच आपल्याकडची खरी अडचण आहे. शस्त्रक्रियेसाठी घरचे लोक दागिने गहाण ठेवतात, पण त्यानंतरच्या नऊ महिन्यांसाठी कोणी पैसे बाजूला काढीत नाही, आणि आम्ही डॉक्टर तसे सांगतही नाही. दवाखान्यातून निघताना रोग्याच्या हाती व्यायामाच्या चित्रांचा एक कागद पडतो. तो कागद बहुधा देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला टांगलेला राहतो. मी आता एक करतो. शस्त्रक्रियेची तारीख देतानाच पुढल्या नऊ महिन्यांच्या तपासणीच्या तारखा त्याच कागदावर लिहितो, खर्चाचा आकडा एकच सांगतो आणि त्यात व्यायामतज्ज्ञाकडच्या खेपा धरतो. गाव दूर असेल तर महिन्याला एक खेप, मधल्या काळासाठी वाळूच्या पिशव्या वजन करून शिवून देण्याची शिंप्याकडे सोय. पिशवीवर किलो लिहिलेले असतात. रोगी पुढल्या वेळी आला की मी टाके पाहत नाही. कितव्या पिशवीवर आलास, ते विचारतो.

तो कबड्डीपटू पुढे दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर अकरा महिने आला. त्या पायाने तो सोळा किलोंच्या पिशवीपर्यंत पोचला. कबड्डी त्याने सोडली. आज तो शाळेतल्या मुलांना शिकवितो, आणि चढाई शिकविण्याआधी महिनाभर त्यांना एका पायावर उतरावयास शिकवितो.